आधी धार, मग हात

नाशिकच्या एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा प्रश्न आहे. आजोबांच्या ट्रंकेत त्यांचा वस्तरा सापडला. पात्याच्या मानेवर 'सोलिंगेन' असं कोरलेलं आहे, मूठ पिवळसर आणि अर्धपारदर्शक आहे. गल्लीत सायकल घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडून त्याला धार लावून घेतली, व्हिडिओ पाहिले आणि तीनदा दाढी करून पाहिली. तिन्ही वेळा गाल भाजल्यासारखे झाले आणि दोनदा जबड्याखाली कापलं. ते विचारतात, "माझा हात कधी बसेल? की ब्लेड बसवायचा वस्तरा घेऊ? की हा नादच सोडू?"

मी चौतीस वर्षं सलून चालवतोय. आमच्या घरात हे काम चौथ्या पिढीत आहे. माझे आजोबा धोकटी काखेला मारून वाड्यावस्त्यांवर जायचे आणि सुगीला बलुतं म्हणून जोंधळा घेऊन यायचे. तुमचा प्रश्न वाचल्यावर माझी नजर हाताच्या आधी 'धारवाला' या शब्दावर थांबली. तुम्ही हाताबद्दल विचारलंय, पण तीन दाढ्यांत हात बसला नाही यात काहीच नवल नाही. तुमचा हात अजून तपासायची वेळच आलेली नाही, कारण जो वस्तरा तुम्ही वापरताय तो माझ्या हातात दिलात तरी तुमचे गाल भाजतील.

एक गोष्ट सांगतो, ती धरून पुढचं सगळं वाचा. वस्तरा चालवताना दाब द्यावासा वाटला की थांबायचं. चांगल्या वस्तऱ्याला स्वतःच्या वजनापलीकडे काही लागत नाही. दाबावं लागतंय याचा अर्थ धार गेलेली आहे, केस कोरडे आहेत, कातडी ढिली आहे किंवा कोन चुकलाय. माणूस यातलं कारण शोधत बसत नाही, दाब वाढवतो, आणि तिथेच कापतं. जबड्याखाली दोनदा कापलं ते नेमकं असंच झालं असणार.

आता धारवाल्याचं चाक. त्या कारागिराबद्दल मला आदर आहे, विळी-सुरीला तो उत्तम धार लावतो. पण वस्तऱ्याची रचना सुरीसारखी नसते. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि दोन्ही बाजूंनी पातं खोलगट पोखरलेलं असतं. सपाट दगडावर तो आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. म्हणजे धारेचा कोन किती असावा हे करणाऱ्यानं पात्यातच बांधून दिलेलं असतं. तुम्ही फक्त तो न उचलता घासायचा. चाकावर हे जमत नाही. तिथे फक्त धारेची कड टेकते, कोन मोठा होतो आणि कडेला दातरे पडतात. त्याहून वाईट म्हणजे उष्णता. धारेजवळचं पोलाद इतकं पातळ असतं की ठिणग्या उडाल्या की ते क्षणात तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. पात्याच्या कडेला कुठे निळसर-जांभळी झाक दिसतेय का, उजेडात धरून पाहा. दिसत असेल तर तेवढं पोलाद नरम झालंय, ते दगडावर घासून काढून टाकावंच लागेल. नसेल दिसत, तर वस्तरा सहज वाचेल.

तो पाठवा अशा माणसाकडे, जो दाढीच्या वस्तऱ्यांनाच दगडावर धार लावतो. गावातल्या जुन्या नाभिकांकडे चौकशी करा. हल्लीच्या मुलांनी हे काम पाहिलेलंही नसतं, पण साठीच्या पुढचा एखादा नक्की भेटेल, आणि त्याच्याकडे त्याच्या वडिलांचा दगडही असेल. हौशी मंडळींमध्येही हे काम मन लावून करणारे आहेत. दगडाचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. साधारण १००० च्या दगडावर धारेची बैठक पक्की करतात, मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, आणि शेवटी १२००० वर चकाकी आणतात. हे दगड स्वतः आणून शिकायचा मोह आत्ता आवरा. दाढी आणि धार लावणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. दोन्ही एकदम शिकायला घेतल्या तर दाढी बिघडल्यावर दोष कोणाचा, हे कळतच नाही. आधी दुसऱ्यानं लावलेली उत्तम धार गालावर अनुभवा, म्हणजे धार म्हणतात ती काय, हे कातडीला माहीत होईल.

वस्तरा परत आला की अंगठ्यानं धार चाचपू नका. मनगटावरचे केस घ्या. पातं कातडीला न लावता केसांच्या मधून नुसतं फिरवा. केस टपटप तुटून पडले तर धार आहे. कातडीला घासल्यावरच तुटत असतील तर परत पाठवा आणि संकोच करू नका.

यानंतर पट्टा, म्हणजे वस्तरा ज्यावर फिरवतात ती चामड्याची पट्टी. दुकानात नवा मुलगा शिकायला आला की मी महिनाभर त्याच्या हातात गिऱ्हाईकाचा गाल देत नाही. तो फेस करतो आणि माझ्या जुन्या वस्तऱ्यावर पट्टा मारायला शिकतो. मुलं कंटाळतात, पण धार टिकते ती पट्ट्यावरच. प्रत्येक दाढीला धारेची कड सूक्ष्म प्रमाणात वाकते आणि झिजते. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ, तरी हे होतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवलं, की केस वाकून तिरपा झाला आणि कडेच्या कच्च्या जागी आडवा आला, तर तिथून पोलादाचा बारीक टवका उडतो. आम्हाला हे टवके डोळ्यांनी दिसत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गाल सांगतो. पट्टा वाकलेली कड सरळ करतो. टवका उडाला तर मात्र दगडच लागतो.

पट्ट्यावर वस्तरा नेताना पाठ पुढे आणि धार मागे ठेवायची, म्हणजे दगडाच्या अगदी उलट. टोकाला पोचलात की पातं हवेत उचलून नाही, पाठ टेकलेली ठेवून तिच्यावरूनच उलटायचं. नवशिक्या हमखास धारेवरून उलटतो, आणि पट्ट्यावर कापल्याची खूण राहते. पट्टा ताणून धरा. झोळीसारखा लोंबला तर धार गोल होते. दाढीच्या आधी ४०-५० फेऱ्या, सावकाश, वजन न देता. वेग सिनेमात दाखवतात तसा लागत नाही. आजोबा तळहातावर शेवटचे चार हात मारायचे, ते मी स्वतः करतो, पण तुम्हाला करायला सांगणार नाही. पट्ट्याचं चामडं झाडाच्या सालीनं कमावलेलं हवं, क्रोमचं नको, असं माझं मत. माझा पट्टा मी कोल्हापुरात चपला करणाऱ्या एका कारागिराकडून कापून घेतला. तिथलं चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात. ते पात्याला जी पकड देतं ती मला दुसऱ्या चामड्यात मिळाली नाही. अडीच इंच रुंद, हातभर लांब तुकडा पुरतो. पहिला पट्टा स्वस्तातला घ्या, कारण तो तुमच्या हातून कापला जाणारच.

धार झाली, आता केस. कोरडा केस टणक असतो, पाणी प्यायल्यावर फुगून मऊ होतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून अंघोळीनंतर लगेच दाढी करा, नाहीतर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तेवढा वेळ चेहऱ्यावर ठेवा. दाबून बाहेर येणारा डब्यातला फेस या कामाला नको. त्यात हवा जास्त, ओलावा कमी. ब्रश आणि साबणाचा फेस करा, घट्ट दह्यासारखा, ज्यावर ओलसर चमक आहे. वाळत आला की पुन्हा लावा. फेस पातं घसरायला तर असतोच, पण हात कुठून फिरला, कुठे राहिला, हे त्यावरूनच कळतं.

आता तुमच्या हाताकडे येतो. इथे मला माझाच अनुभव सांगावा लागेल, कारण दुसऱ्याची दाढी करणं आणि स्वतःची करणं यात फार अंतर आहे. आमच्यात सोमवारी दुकानं बंद. त्या दिवशी आम्ही दोघं-तिघं एकमेकांची दाढी करायचो. दहा वर्षं रोज वीस-पंचवीस गाल हातावेगळे करूनही मी स्वतःच्या गालाला वस्तरा कधी लावला नव्हता. परगावी एका लग्नात वेळ आली, आरशासमोर उभा राहिलो, आणि पहिल्याच हाताला कळलं की हे वेगळंच काम आहे. गिऱ्हाईकाचा चेहरा मला वरून, सरळ दिसतो, माझे दोन्ही हात मोकळे असतात. स्वतःच्या वेळी माझाच हात आरशातली जागा झाकत होता, कातडी ताणणारा दुसरा हात डोक्यावरून वळवून आणावा लागत होता, आणि कोन डोळ्यांनी न दिसता मनगटानं ओळखावा लागत होता. तेव्हा तिथे मी आवाजावर शिकलो. पोखरलेलं पातं बोलतं. कोन बरोबर असेल तर बारीक, एकसारखी खरखर येते. आवाज बंद पडला तर पातं नुसतं फेस पुसतंय. आवाज तुटक आला आणि केस ओढल्यासारखे वाटले तर पाठ फार उचलली गेलीय किंवा धार उतरलीय. पंखा, मोबाइल, सगळं बंद करून दाढी करा आणि ऐका.

पकड अशी: पात्याच्या मानेखाली अंगठा, वर तीन बोटं, आणि मागच्या वळलेल्या शेपटीवर करंगळी. मुठीत आवळायचं नाही. कोनासाठी पातं गालावर पूर्ण आडवं टेकवा, मग पाठ एवढी उचला की खाली पाठीच्या जाडीच्या दीड-दोन पट फट राहील. मोजायला गेलात तर हे २५ ते ३० अंशांच्या आसपास भरतं. हात आखूड, इंचभराचे. आणि पातं नेहमी धारेला काटकोनात पुढे न्यायचं. धारेच्या लांबीच्या दिशेनं ते रेसभर सरकलं तरी कापतं. भाजी चिरताना सुरी आपण तशीच ओढतो. माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येक मुलाची पहिली खोल जखम अशा आडव्या सरकण्यानंच झाली आहे.

कातडी ताणणं हे निम्मं काम आहे. कल्ल्याजवळ वरून ओढा, जबड्यावर आल्यावर कातडी वर गालाच्या हाडावर खेचून घ्या, म्हणजे जबड्याखालचा भाग सपाट हाडावर येतो आणि तिथेच तो साफ होतो. तुम्हाला दोनदा लागलं ती हीच जागा. तिथे हाड वळतं, पातं मात्र सरळ असतं. वळणावर पातं न्यायच्या ऐवजी कातडीच सपाट जागी आणायची.

शिकायचा क्रम मी असा देईन. पहिल्या पाच-सहा दाढ्यांना वस्तरा फक्त गालांवर, कल्ल्यापासून जबड्याच्या वरपर्यंत, केसांच्या दिशेनं, एकच हात. बाकीचा चेहरा तुमच्या नेहमीच्या रेझरनं. अर्ध्या चेहऱ्याला वस्तरा आणि अर्ध्याला रेझर यात काही कमीपणा नाही. मग जबडा. मग गळा, पण त्याआधी दोन दिवसांची दाढी वाढवून गळ्यावरून बोटं फिरवा आणि केस कुठे कोणत्या बाजूला झोपलेत ते कागदावर बाण काढून ठेवा. गळ्यावर बऱ्याच जणांचे केस आडवे किंवा खालून वर उगवतात, आणि 'वरून खाली' हा नियम तिथे उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेचा, ठरतो. त्यानंतर हनुवटी, आणि सर्वांत शेवटी नाकाखालचा भाग. उलटा हात पहिले दोन महिने विसरा. डावा गाल डाव्या हातानं करायचा की उजव्यानंच आडवा हात नेऊन, यावर मतं दोन आहेत. मी दोन्ही हातांनी करा म्हणेन. डावा हात सुरुवातीला लटपटतो, पण नाकासमोरून हात आडवा नेल्यानं झाकली जाणारी जागा कायमचीच झाकलेली राहते.

साबण लावलेल्या फुग्यावर सराव करा असं तुम्ही पाहिलं असेल. हात हलका करायला तो बरा, पण फुग्याला ना खळगे असतात ना खुंट, त्यामुळे त्यावर आठवड्यापेक्षा जास्त रमू नका.

'किती दिवसांत जमेल' याचं खरं उत्तर तुमच्यावर आहे. रोज करणाऱ्याला साधारण महिन्याभरात पूर्ण चेहरा न घाबरता करता येतो असा माझा अनुभव. आठवड्यातून दोनदाच केलीत तर तेवढ्याच दाढ्यांना तीन-चार महिने लागतील. दाट आणि राठ दाढीला धार लवकर उतरते, विरळ दाढीवर कोन चुकलेला पटकन कळत नाही. चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असतील तर त्या निवळेपर्यंत वस्तरा लांब ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हात कापत असतील किंवा जखमेचे वण गाठीसारखे वाढत असतील, तर मी हा वस्तरा हातात घेऊच नका म्हणेन. आणि कामावर जायच्या घाईत कधीच नाही. वीस मिनिटं मोकळी नसतील त्या दिवशी रेझर घ्या. दार लावून घ्या, बेसिनमध्ये टॉवेल अंथरा. वस्तरा हातातून सुटला तर पकडायला जाऊ नका, पडू द्या.

ब्लेड बसवायच्या वस्तऱ्याबद्दल. मी दुकानात तोच वापरतो आणि तोच वापरला पाहिजे. एचआयव्हीची जाणीव पसरली तसे आमच्या धंद्यातले पक्क्या पात्याचे वस्तरे मागे पडले आणि अर्ध्या ब्लेडचे आले. कावीळ ब चे विषाणू तर वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरू शकतात, त्यामुळे एकच पातं दोन माणसांना लावायचा प्रश्नच नाही. तुमच्या घरीही हाच नियम ठेवा, आजोबांचा वस्तरा यापुढे फक्त तुमचा. पण शिकण्यासाठी अर्धं ब्लेड फार कडक मास्तर आहे. ते जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड असतं, वजनाला काही नाही, आणि त्याची दोन टोकं कातडीत रुततात. जुन्या वस्तऱ्याचं वजन हाताला सांभाळून घेतं. तुमच्या आसपास धार लावणारा कोणी मिळालाच नाही, तर जाड, खास वस्तऱ्यासाठी केलेली ब्लेडं बसतात असा वस्तरा घ्या. महाग पडतो, पण हात कमी चुकवतो. धार लावणारा मिळाला, तर आजोबांच्याच वस्तऱ्यावर शिका, हे माझं स्पष्ट मत.

तो वस्तरा जपण्यासारखा आहे. सोलिंगेन हे जर्मनीतलं पात्यांचं शहर, आणि ते नाव बाहेरच्या कोणी वापरू नये म्हणून तिथे १९३८ साली कायदाच झाला. पण तुमच्या मुठीची मला काळजी आहे. पिवळसर, अर्धपारदर्शक मूठ म्हणजे बहुधा सेल्युलॉइड. बोटानं जोरात चोळून वास घ्या, कापराचा वास आला तर नक्की. सेल्युलॉइड जुनं झालं की कुजायला लागतं आणि त्यातून आम्ल सुटतं, ते पात्याला खातं. पातं मिटल्यावर जेवढं मुठीत जातं तेवढ्याच भागावर गंज असेल, तर मूठ कुजतेय. ती काढून शिंगाची किंवा लाकडाची बसवून घ्या, आणि जुनी मूठ देव्हाऱ्याजवळ किंवा गॅसजवळ ठेवू नका, ती चटकन पेटते. पात्यावरच्या गंजानं कापलं म्हणून लगेच धनुर्वात होत नाही, त्याचे जंतू मातीतून येतात. तरी दहा वर्षांत इंजेक्शन घेतलं नसेल तर घेऊन टाका. दाढीनंतर पातं धुऊन, मऊ कपड्यानं पाठीकडून धारेकडे पुसा, आणि पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवा. खोबरेल नको, ते चिकटतं.

राहिली तुरटी. दाढी झाल्यावर गार पाण्यानं चेहरा धुवा आणि ओली तुरटी सगळीकडे फिरवा. बारीक कापलेलं तिनं थांबतं. खोल लागलं तर स्वच्छ कपडा दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. पण मी तुरटी शिकणाऱ्याला देतो ती दुसऱ्याच कारणासाठी. ती चुगली करते. तुम्ही जिथे दाब दिलात तिथेच ती झोंबते, जखम दिसत नसली तरी. झोंबलेल्या जागा प्रत्येक वेळी वहीत टिपून ठेवा. सगळ्या गालभर झोंबली तर धार उतरलीय, पट्ट्याकडे किंवा दगडाकडे जा. फक्त जबड्याच्या कडेला झोंबली तर कातडी ढिली राहिली. गळ्यावर झोंबली तर बाणांचा कागद पुन्हा काढा, केसांची दिशा चुकलीय. हनुवटीवर झोंबली तर पाठ जास्त उचलली जातेय. वस्तरा धार लावून आला की पहिल्या सहा दाढ्यांची ही टिपणं मला पाठवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.